परीच्या मापाचं झबलं

१२ ऑक्टो., रवि.
गिऱ्हाइकांची ब्लाउजं बाजूला ठेवली. भाऊबीजेला ताडकळसला जायचं, भाचीसाठी झबली शिवून न्यायचीत. परी दीड वर्षाची, नुकतीच पळायला लागलीय. दिवाळी झाली की भाऊ ज्ञानबा न् भावजय शीला तिला घेऊन ऊसतोडीला जाणार. पाचटाच्या एवढ्याशा कोपीत चूल, आणि चुलीभोवती पोरगी.
मागच्या हंगामात शेजारच्या कोपीतल्या पोरीच्या फ्रॉकचा जाळीदार घेर पेटला. विझवायला ज्ञानबाच धावला होता. "आक्का, कापड वितळून अंगाला चिकटलं व्हतं, निघंना." पुढचं त्यानं सांगितलं नाही.

१५ ऑक्टो.
परभणीला कापड आणायला. दुकानदार म्हणे, "प्युअर कॉटन हाय ताई, डोळे झाकून घ्या." घेतलं डोळे झाकून. घरी धागा ओढून काडी लावली तर काळी टणक गोळी झाली. सुती असता तर राख झाली असती. इतकी वर्षं मशीनवर बसते आणि दुकानात काडी लावून बघायचं सुचलं नाही. शहाणी!
हे हसतात. "झबलं शिवायलीस का पंचनामा करायलीस?"

१७ ऑक्टो.
पेटीत दादांचं धोतर सापडलं. वैशाखात वडील गेले तेव्हा आठवण म्हणून मागून आणलं होतं. धागा जाळला, राख झाली. धुऊन धुऊन लोण्यासारखं मऊ झालेलं.
दोन झबली, दोन चड्ड्या. घेर नाही, नाडी नाही, टिकल्या नाहीत. पांढरंफटक बरं दिसेना म्हणून गळ्याला धोतराचाच तांबडा काठ लावला.
सुतीही पेटतंच, कळतं मला. पण अंगाबरोबर असलं तर चुलीत लोंबणार नाही. आणि चिकटणार तरी नाही. आपल्या हातात एवढंच.

भाऊबीज
परीला झबलं घातलं, अंगणभर पळाली. आईनं तिला जवळ घेतलं, गळ्यावर बोट फिरवलं. मग हळूच, "ह्यो त्यांच्या धोतराचा काठ न्हवं?"
झालं. शीलानं लेकराच्या अंगावरून उतरवलंच. "आक्का, मेलेल्या माणसाचं कापड लेकराला? लेकरू दूरदेशी न्यायलो आमी!"
मी फ्रॉकचं बोलले. चुलीचं बोलले. त्या पोरीचंही बोलले.
"सणासुदीला असलं अभद्र काढू नका."
ज्ञानबानं झबलं उचलून घडी केली. शेवटी म्हणाला, "राहू दे, बोचक्यात ठिवतो."
काठ कशाला लावला मी? नुसतं पांढरं दिलं असतं तर कोणाला कळलं असतं?

२५ ऑक्टो.
गेले. ट्रकमध्ये परी शीलाच्या मांडीवर. अंगात बाजारातला गुलाबी फ्रॉक, टिकल्यांचा, फुगलेला. मला टाटा केला. दिसत होती मात्र गोड, खोटं कशाला बोलू.

६ नोव्हें.
ज्ञानबानं फोटो पाठवला. परी कोपीसमोर, तोच फ्रॉक. मागं शीला चुलीवरून पातेलं उतरवायलीय. हातात फडकं. फोटो मोठा करून बघितला. फडक्याला तांबडा काठ.
रडले. मग राग आला. मग तोही गेला.
ज्ञानबाला फोन लावला. "आक्का, ती ऐकतच न्हाई. म्या दिवसभर उसाच्या फडात. काय काय बघू?"

९ नोव्हें.
परत परभणी. कोरं मांजरपाट आणलं. या वेळी दुकानातच धागा जाळला, दुकानदार ओरडला. राख झाली. कुणाचं नाही, कुणी नेसलेलं नाही, काठ नाही. आता तरी शीला नाही म्हणणार नाही, असं वाटतं. वाटतं नुसतं.

१३ नोव्हें.
झबलं तयार. तिकडं जाणारं कोणी नाही. ताडकळसच्या साऱ्या टोळ्या आधीच गेल्यात. आई म्हणते, "चैत्रात येतीलच की."
चैत्रापर्यंत हे तिला बसणार नाही. वाढत्या अंगाचं शिवावं तर ढगळ होतं, आणि ढगळच तर नको होतं. म्हणून आजच्या मापाचं शिवलंय. घडी करून मशीनवर ठेवलंय.