उपाधी, फक्त काटेकोरपणासाठी

३ मार्च, दुपार
डॉक्टरेटची तोंडी परीक्षा संपली. विषय : पादचारी पुलांची कंपनं. पास. प्राध्यापकांनी हात मिळवला आणि म्हणाले, अभिनंदन, डॉक्टरबाई. मी सांगितलं, पदवीदान २५ एप्रिलला आहे. त्याआधी ही उपाधी लावणं नियमात बसत नाही. ते हसले. का, ते कळलं नाही.
उपाधीचं मला काही नाही. प्रश्न काटेकोरपणाचा आहे. ठरवलं : २५ तारखेपर्यंत जो कोणी डॉक्टर म्हणेल, त्याला शांतपणे दुरुस्त करायचं.

४ मार्च
कॅफे. वेटर वेन्झेल म्हणाले, डॉक्टरबाई, नेहमीचंच? दुरुस्त केलं. मग काय म्हणू, असं त्यांनी विचारलं. डिप्लोम-इंजिनियर, ती पदवी आधीपासून आहे, मी म्हटलं. ते म्हणाले, आमच्याकडे चष्मा असला की माणूस डॉक्टर, पण तुमची मर्जी, इंजिनियरबाई.
माणूस शिस्तीचा. एकदा सांगितलेलं विसरत नाही.

९ मार्च, रविवार
माझा जोडीदार कोनराड, त्याच्या आईकडे जेवण. त्यांचे पती सरकारात होफ्राट होते, ही वरिष्ठ अधिकाऱ्याची मानाची उपाधी. ते जाऊन बरीच वर्षं झाली, पण अख्खं ग्राट्स शहर त्यांना अजून होफ्राटबाईच म्हणतं. मीही म्हणते.
त्यांची बहीण मला म्हणाली, डॉक्टरबाई, बटाटे घ्या. दुरुस्त केलं. होफ्राटबाई म्हणाल्या, बरोबर आहे मुलीचं, आपलं नाही ते घेऊ नये. मला वाटलं, नियमांवर चर्चा सुरू झाली आहे. म्हणून सांगितलं की नवऱ्याची उपाधीसुद्धा कायद्याने बायकोकडे येत नाही.
कोनराडचा चमचा हवेत राहिला. पुढे बटाट्यांवरही कोणी बोललं नाही.
ट्राममध्ये कोनराड म्हणाला, अगं, आईकडे बाबांचं तेवढंच उरलंय. मी म्हटलं, मी सर्वसाधारण बोलत होते.

२३ मार्च, रविवार
आजही मला बोलावणं नाही. कोनराड एकटाच गेला. येताना सफरचंदाचा श्ट्रुडल आणला. आईने दिलाय म्हणाला. समेटाची खूण की उरलेला, ठरवता येत नाही. तुकडा कडेचा होता.

६ एप्रिल
४ मेला होफ्राटबाईंची सत्तरी आहे. मला बोलावणार आहेत, कोनराडने मध्यस्थी केली. तोवर पदवी हातात असेल. त्यांनी सगळ्यांसमोर एकदाच 'या डॉक्टर रोस्विता' म्हणावं. मला हवं म्हणून नव्हे. आमचं फिसकटलेलं त्याने जाग्यावर येईल.
उत्तर तयार आहे : "अहो, डॉक्टर कशाला, नुसतं रोस्विता म्हणा." आधी किंचित थांबायचं. आरशासमोर सराव केला. कोनराडने ऐकलं. म्हणाला, मग आधीच नुसतं रोस्विता म्हणू दे की तिला. समजावलं की नको म्हणायला आधी समोरून यावं लागतं. तो भांडी घासायला गेला.

२५ एप्रिल
पदवी मिळाली. होफ्राटबाई आल्या नाहीत, फुलं पाठवली. वरच्या चिठ्ठीवर माझं नाव : डिप्लोम-इंजिनियर रोस्विता काइन्त्स. फुलं कालच, पदवी मिळण्याआधी मागवली होती, म्हणजे नियमाने अचूक. माझ्याकडूनच शिकल्या असाव्यात. जराही वाईट वाटलं नाही. फुलं स्वयंपाकघरात ठेवली, दाराआड.

४ मे, संध्याकाळ
वाढदिवस. निळा ड्रेस. होफ्राटबाईंनी ग्लासवर चमचा वाजवला, माझा हात धरून मला उभं केलं. मी वाक्य जुळवलं.
त्या म्हणाल्या, आजपासून आमच्यात अहो-जाहो बंद. मी हेडविग, ही आमची रोझी.
वडीलधाऱ्या माणसाने 'तू' देऊ केलं की नाही म्हणता येत नाही. आणि एकदा 'तू' झालं की उपाधी गेली, कायमची. रिवाजाप्रमाणे हातात हात गुंतवून वाइन प्यायलो, गाल लावले. त्या कानाशी म्हणाल्या, तुझ्यापुरती मी होफ्राट बाजूला ठेवली, हं. कायद्याने त्यांच्याकडे ठेवण्यासारखं काही नव्हतंच. हे बोलले नाही. प्रगती.
टाळ्या. मग सगळं टेबलच सुटलं. रोझी, मीठ दे. रोझी, सरक जरा. कोनराडचे डोळे भरले होते. म्हणाला, आईने सख्ख्या नणंदेलाही अजून हे दिलेलं नाही.
तयार वाक्य तसंच राहिलं. रोझी हे नाव मला आवडत नाही. सांगणार कोणाला.

५ मे, सकाळ
कॅफे. मुद्दाम चष्मा पुसून गेले. वेन्झेल आले. इंजिनियरबाई, नेहमीचंच? त्यांना सांगितलं की मार्चमधली अट आता पूर्ण झाली आहे. त्यांनी मान लववून अभिनंदन केलं. मग म्हणाले, पण तुम्हीच बजावलं होतं ना, आता या जिभेला वळण लागलंय.
शेजारच्या टेबलावर एक चष्मेवाली बाई येऊन बसली. तिला म्हणाले, सुप्रभात, डॉक्टरबाई.
तिने दुरुस्त केलं नाही. मी वाट पाहिली.
मग म्हटलं, हो, नेहमीचंच.