शिवणीच्या आतली माया

मी, खाली सही करणार, वय वर्षे त्रेसष्ट, धंदा शिवणकाम, राहणार दुकानाच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, हे लिहून ठेवतो ते पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून आणि स्वतःच्या हाताने. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. दबाव आहे तो गुडघ्यांवर, आणि तो माझा मीच आणला आहे. नशापाणी केलेले नाही. सकाळी बिनसाखरेचा एक चहा झाला, त्याची नोंद वहीत आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. मास्तर या नावाने मला सगळी गल्ली ओळखते, तेव्हा ओळख पटवण्यात कोणी वेळ घालवू नये.

कलम पहिले, घर. तीन खोल्या, पुढची खिडकी आणि खिडकीला बांधलेली दोरीची टोपली, हे सर्व माझ्या पश्चात माझ्या एकुलत्या लेकीचे. लहानपणी ती इतकी बारीक होती की तिचे नाव टाचणी पडले, आणि ते पडले ते पडलेच. खालचे दुकानही तिचेच. अट एकच. तिने या घरात राहू नये, विकून टाकावे. कारण जिना.

जिन्याला बेचाळीस पायऱ्या आहेत. बरोबर मध्ये, एकविसाव्या पायरीशी, एक वळण आहे आणि तिथे कठड्याचा खांब पुढे आलेला आहे. चार वर्षांपूर्वी दुकान बंद करून वर येताना मी त्या वळणावर अडकलो. अडकलो म्हणजे शब्दशः. एक गुडघा वळेना, पोट खांबाला लागलेले, पाठ भिंतीला. लेक वरून हात धरून ओढत होती, धाकटा भाऊ खालून ढकलत होता, आणि प्रत्येक मजल्यावरून दोन-दोन डोकी डोकावत होती. घरी पोचायला पाऊण तास लागला. त्या दिवसापासून मी खाली उतरलेलो नाही. टोपलीतून काजे-बटणे आणि तुरपाईचे काम वर येते, मी ते करून खाली सोडतो. चाळीस वर्षे मी माणसांना समोरून मोजले, आता वरून त्यांची टकले आणि खांदे पाहतो. घरात पंखा आहे, रेडिओ आहे, खायला आहे. दार उघडे असते. बाहेर मात्र जाता येत नाही.

हे वजन एका दिवसात आलेले नाही. टाचणीची आई गेली त्याला नऊ वर्षे झाली. त्यानंतरही आमच्याकडे तिघांचाच स्वयंपाक होत राहिला. कमी करायचे म्हटले की हात अडायचा. अन्न टाकायचे नाही ही तिचीच शिस्त, म्हणून तिसरे ताट रोज मीच संपवत गेलो. रडण्यापेक्षा जेवणे सोपे होते, एवढेच त्याबद्दल सांगतो.

कलम दुसरे, लेकीची नोकरी. ही मालमत्ता होते की नाही मला ठाऊक नाही, पण मी ती अडवून ठेवली आहे, म्हणून इथे लिहितो. दुसऱ्या गावच्या कपड्यांच्या कारखान्याने टाचणीला मुख्य कटिंगचे काम देऊ केले होते. "बाबांना एकटं कसं सोडू," म्हणून तिने नाही म्हटले. यंदा त्यांनी पुन्हा पत्र पाठवले आहे आणि या शुक्रवारच्या आत उत्तर मागितले आहे. मी जा म्हणालो. ती म्हणाली, "तुम्ही तुमच्या पायांनी दुकानापर्यंत उतरा. मी लगेच पेटी भरते." तिला वाटले, विषय संपला. म्हणून मी ठरवले आहे की हे मृत्युपत्र सगळे वर लिहायचे, पण सही खाली, दुकानात, कटिंगच्या टेबलावर करायची. आज अकरा वाजता साक्षीदार तिथे येऊन थांबणार आहेत.

कलम तिसरे, धाकटा भाऊ. त्यास दुकानातला उंच आरसा द्यावा. त्या दिवशी खालून ढकलताना तो म्हणाला होता, "दादा, हा जिना काही तुझ्या मापाचा शिवलेला नाही." सगळे हसले. मीही हसलो, ते चुकले. त्याचे स्वतःचे पोट आता पट्ट्याच्या शेवटच्या भोकावर आले आहे, तेव्हा आरसा त्याच्या उपयोगी पडेल. दर रविवारी तो माझी चौकशी करायला येतो आणि माझ्याच डब्यातली बिस्किटे संपवून जातो. तेवढी माझ्या वहीत आली नाहीत, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

कलम चौथे, हत्यारे. पायाचे मशीन, इस्त्री, फूटपट्ट्या टाचणीला. मोठी कात्री, जी माझ्या उस्तादांनी मला दिली, तीही तिलाच, पण माझ्या पश्चात. जिवंत असेपर्यंत ती माझ्या उशाशी राहील. तिच्यावाचून मी मास्तर आहे हे मला रोज सकाळी पटत नाही.

कलम पाचवे, वह्या. खाण्याच्या नोंदीच्या तीन वह्या आहेत. पहिली खोटी आहे, ती जाळावी. उरलेल्या दोन टाचणीने जपाव्यात. तिचेही वजन वाढते आहे, वर येताना ती दुसऱ्या मजल्यावर थांबून उगाच पिशवी चाचपते, आणि ते मला इथून ऐकू येते. म्हणून या कलमात तिला थोडे सांगून ठेवतो. उपदेश म्हणून वाचायचे नसेल तर गाळावे.

बाळ, हुरुपावर विसंबू नकोस. हुरूप नव्या वहीबरोबर येतो आणि बाराव्या पानाच्या आसपास निघून जातो. या तिन्हींच्या आधी सोडून दिलेल्या अशा बारा पानी वह्या माझ्या घरात आठ निघाल्या. आपण मशीनला रोज तेल घालतो ते हुरूप आला म्हणून घालत नाही, तेलाची कुपी मशीनच्या बाजूलाच ठेवलेली असते म्हणून घालतो. तसेच कर. दाण्यांचा डबा फळीवरून काढून वरच्या कपाटात टाक, वही आणि पेन्सिल ताटाजवळ ठेव. ज्या दिवशी मुळीच मन नसेल त्या दिवशीही निदान लिही. जास्त खाल्लेस तर जास्त लिही.

गिऱ्हाईक माप देताना काय करते ते तुला माहीत आहे. पोट आत ओढते. आपण काही बोलत नाही, "मुलं काय म्हणतात?" असे विचारतो. ते उत्तर द्यायला लागले की श्वास सुटतो, पोट जागेवर येते, आणि आपण पटकन टेप मिटवतो. पोट आत ओढून दिलेल्या मापाचा कपडा पहिल्या बैठकीला उसवतो. पहिल्या वहीत मी चार महिने पोट आत ओढून बसलो होतो. भात 'एक वाटी' लिहायचो, वाटीवरची शीग लिहायचो नाही. चव बघितली ती लिहायचो नाही. पातेल्यात तेल डोळ्यांनी ओतायचो आणि वहीत एक चमचा मांडायचो. उभ्याने खाल्लेले तर खाल्लेच नाही असे माझे मत होते. मग 'एवढे कमी खाऊनही उतरत नाही, माझे शरीरच वेगळे' असे म्हणून मी वहीलाच शिव्या दिल्या.

दुसऱ्या वहीपासून छोटा काटा आणला आणि तेलसुद्धा तोलले. पहिल्या दिवशी खाण्याचा एकूण आकडा पाहून मी काटा बिघडला म्हणून परत पाठवणार होतो. काटा ठीक होता. एका दिवसाच्या आकड्याने घाबरू नकोस, पंधरा दिवसांची सरासरी बघ. एक दिवस बिघडला म्हणून दुसऱ्या दिवशी उपास करू नकोस. मी केला होता, आणि संध्याकाळी पावाची अख्खी लादी संपवली. आपल्या डॉक्टरीणबाईंनी रोजच्या खाण्यासाठी ठरवून दिलेल्या आकड्याच्या खाली जायचे नाही. आणि वहीमुळे जेवणाचाच धसका बसू लागला, तर वही बंद करून सरळ त्यांच्याकडे जायचे. गिऱ्हाईक जाड असले तरी माप घेताना आपण त्याला रागवत नाही. स्वतःलाही रागवू नकोस. हे मला अजून जमलेले नाही.

पहिल्या वहीपासून चौदा महिने झाले. घरातला वजनकाटा एकशेवीसच्या पुढे बोलत नाही. टेप साठ इंची आहे, आणि सुरुवातीला ती माझ्या पोटाभोवती चार बोटे, म्हणजे तीन इंच, कमी पडली. चाळीस वर्षांची टेप, तिने मला मोजायला नकार दिला. पुन्हा तिला विचारायची हिंमत मी केली नाही. माझी खूण म्हणजे जुना निळा शर्ट, पोटावर चोपन्न इंच भरणारा. गेल्या महिन्यात त्याची सगळी बटणे लागली. त्या दिवसापासून मी जिन्यावर सराव सुरू केला. कालपर्यंत अठरा पायऱ्या उतरून परत आलो.

कलम सहावे. हे फक्त माझ्या पश्चात वाचावे. सरकारी माणसासाठी सांगतो, शिवणीच्या आत आम्ही थोडे जास्तीचे कापड राखतो, पुढे अंग वाढले तर सैल करता यावे म्हणून. त्याला माया म्हणतात, आणि ते राखण्याला माया सोडणे. गेली सहा वर्षे टाचणीचे कपडे घट्ट होऊ लागले की ती दुपारी बाहेर गेली असताना मी शिवण उसवून आतली माया थोडी थोडी मोकळी करत आलो. तिला कधी कळू दिले नाही. आईवेगळे लेकरू, आरशासमोर वाईट वाटून घेईल, म्हणून मायेपोटी केले. कपड्याने तिला वेळेवर सांगितले असते ते मी सांगू दिले नाही. माझ्या हातून तिचे एवढे मोठे नुकसान दुसरे झालेले नाही. तिने मला क्षमा करावी अशी अट मी घालू शकत नाही.

यापुढचा मजकूर जिन्याच्या वळणावर बसून लिहीत आहे, म्हणून अक्षर हलले आहे.

निळा शर्ट घालून साडेदहाला निघालो. टाचणी एक पायरी पुढे, उलटी उतरत. एकवीस पायऱ्या उतरलो. वळणावर खांब पोटाला लागला, पण मी सरकून पलीकडे आलो, आणि तिथे उजवा गुडघा आखडून बसला. आता वर चढवत नाही आणि खाली उतरवत नाही. साक्षीसाठी खाली निघालेल्या, दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी स्टूल आणून दिले. दुकानाशेजारचा चावीवाला साक्षीसाठी खाली थांबला होता, तो वर आला. म्हणाला, "मास्तर, मी कुलपं उघडतो. माणसांचं मला जमत नाही."

स्टुलावर बसताना मी हे कागद टाचणीच्या हातात दिले होते. तिने ते वाचले, सहाव्या कलमासकट. मृत्युपत्र वाचायला कोणाला मरावे लागत नाही, हे माझ्या लक्षातच आले नव्हते.

ती पायरीवर बसली. कागद घडी करून मला परत दिले. मग म्हणाली, "बाबा, मला पहिल्या वेळेपासून माहीत होतं. शिवण उसवली की जुन्या टाक्यांची भोकं राहतात. तुम्हीच शिकवलंत ना?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

तिने माझ्या शर्टाची कड उलटी करून दाखवली. जुन्या शिवणीची भोके ओळीने दिसत होती, आणि त्यांच्या बाहेरचे कापड न विटलेले, गडद निळे. दोन्ही कडांना, पुढे-मागे मिळून चार ठिकाणी, पाऊण-पाऊण इंच. एकूण तीन इंच.

"तुम्ही वही टाकून द्याल असं वाटलं मला," ती म्हणाली. "नवव्या महिन्यापासून तुम्ही रोज बटणं लावून बघत होतात आणि लागत नव्हती. मला बघवेना."

शर्ट धुऊन आला तेव्हा शिवण पाहायला माझ्याकडे चष्मा होता. मला पाहायचेच नव्हते. मी खोट्या बटणांच्या हुरुपावर एकवीस पायऱ्या उतरलो, आणि आता अर्ध्या जिन्यात बसलो आहे. मला रडू आले. साक्षीदारांनी भिंतीकडे पाहिले, त्याबद्दल त्यांचे आभार.

मग टाचणीने गळ्यातली टेप काढली. मी नको म्हणालो. तिने ऐकले नाही, पाठीमागून टेप फिरवून पुढे आणली. माझे पोट आपोआप आत गेले. चाळीस वर्षे गिऱ्हाइकांना हसलो, आणि मीही तेच केले.

ती अगदी सहज म्हणाली, "बाबा, मोठी कात्री मी आत्ताच नेऊ का? तिकडच्या हत्यारांचा काही भरवसा नाही."

"ने," मी म्हणालो, आणि श्वास सुटला. तिने टेप मिटवली.

टेपेची टोके एकमेकांवर आली होती. सत्तावन्न. चोपन्न नव्हे. पण त्रेसष्टही नव्हे.

तिने ते माप घेण्यासाठी विचारले की खरेच विचारले, हे मी तिला विचारलेले नाही. विचारणारही नाही. त्याऐवजी कलम चौथे बदलतो. मोठी कात्री माझ्या पश्चात न देता आज, याच ठिकाणी, तिच्या हातात द्यावी. शिक्षिकाबाई ती वरून आणायला गेल्या आहेत. कलम सहावे रद्द, त्यातली बातमी जुनी निघाली. कारखान्याला उत्तर तिने आजच लिहावे. मी खाली पोचलो की वर गेलो, याच्याशी त्या उत्तराचा संबंध नाही. उरलेल्या एकवीस पायऱ्या माझ्या आहेत.

सही: मास्तर

साक्षीदार पहिले: दुसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई, कात्री घेऊन आल्यावर सही केली.
साक्षीदार दुसरे: चावीवाला, उभ्याने, कागद कठड्यावर ठेवून.

ठिकाण: जिन्याचे वळण, एकविसावी पायरी.
दिनांक: एकोणीस नोव्हेंबर, मंगळवार, सकाळचे अकरा वाजून चाळीस मिनिटे.

माप, लेकीने घेतले ते: पोट सत्तावन्न, श्वास सोडून. माया सोडलेली नाही.