बारा मीटरचा पतंग

हौगास्टोल, १२ मार्च

प्रिय आई,

आधी हे सांगते, की तुमचा लेक सुखरूप आहे. मनगट मोडलंय, पण जेवण झकास चाललंय. तुमचा गुडघा कसा आहे?

बर्फावर माणसाला ओढणारा पहिला पतंग सहा मीटरचाच घ्या, असं शिकवणारी सिग्रिड म्हणाली. “मी काय शेंबडं पोर आहे?” म्हणत आयविननं बाराचा घेतला. वारा सुटला आणि पतंगानं त्याला गोठलेल्या तळ्यावरून फरफटत नेलं. “दांडी सोड!” म्हणून मी काठावरून नुसती ओरडत राहिले.

पतंग फाटला. हात प्लास्टरमध्ये, म्हणून नव्याची मागणी त्यानं माझ्याकडून लिहवून घेतली. पुन्हा बाराच. रडत रडत लिहिली मी.

आई, तुम्ही तरी त्याला रागवाल का?

तुमची सून,
राग्नहिल