केंटकीचं बोकड

२६ डिसेंबर, शुक्रवार

आमच्या केटरिंगची उद्याची ऑर्डर, आणि भाजायचं काय तेच अजून ठरत नाही! नानासोंच्या मळ्यावर दुपारभर नुसती भांडणं — हसून खेळून, पण भांडणंच.

हंबीरराव म्हणजे नानासोंचे थोरले, कित्येक वर्षं टेक्सासला. तिकडचे लोक त्यांना ‘हॅम’ म्हणतात. हॅम म्हणजे डुकराची मांडी हे कळल्यावर रमजान, माझा नवरा, हसून हसून खालीच बसला. दुसरा गोमटेश, आमच्या किराणावाल्या धरणेंद्रअण्णांचा एकुलता एक. तो नॉर्थ कॅरोलायनात. रमजान धरून तिघं शाळेत एका बाकावरचे. यंदा हंबीररावांनी टूम काढली, रमजानकडून अमेरिकन बार्बेक्यू करून घ्यायचं. खड्डा खणून, धुरावर, दिवसभर मंद.

“बार्बेक्यू म्हंजे टेक्सास,” हंबीरराव. “मोठा तुकडा, मीठ, मिरी, धूर. सॉस लागला म्हंजे समजायचं आचारी फसला.”

“जा रं गड्या! कॅरोलायनात व्हिनेगर शिंपडत्यात. आंबट-तिखट. बोटं चाटत बसशील.” हे कोण म्हणालं? गोमटेश! मी आ वासून बघतच राहिले. अण्णांच्या घरात कांदा-लसूण शिवत नाहीत, आणि हा पठ्ठ्या डुकराच्या मांसावर तावातावाने बोलतोय! मेम्फिसवाले म्हणे नुसता कोरडा मसाला चोळतात. कॅन्सस सिटीवाले गोड दाट सॉस लावतात. त्या कॅन्ससला मात्र दोघांनी एकदिलाने नावं ठेवली — “मटणाला काकवी लावत्यात, काकवी!”

नंतर गोमटेश हळूच माझ्याजवळ आला. “वहिनी, तिकडं गेल्यावर लागलं हे. घरी कळू देऊ नका. आई अन्न सोडंल.”

शेवटी रमजानने हात टेकले. “टेक्सासला गाय-बैल, कॅरोलायनाला डुक्कर. एक सरकारला चालत न्हाई, एक मला. ऱ्हायलं काय? धूर?”

मग मीच मोबाईलवर शोधत बसले. सापडलं! केंटकी नावाचं राज्य आहे, तिथे नदीकाठच्या एका गावात चक्क मेंढीचं मटण भाजतात. वर काळं आंबट पाणी शिंपडत राहतात. रमजानला दाखवलं तर म्हणतो, “तिथं आपलं कोण पावणं हाय का बघ!”

तर ठरलं. केंटकी. फक्त मेंढीऐवजी बोकड.

२७ डिसेंबर, शनिवार

जमलं! देवाची कृपा!

सकाळपासून सगळं शूट केलं, आमच्या केटरिंगच्या पेजसाठी. गोमटेशने स्वतः जाऊन बोकड आणलं. दात बघून, पाठ चाचपून, एखाद्या खाटकाला लाजवेल असं. मळ्यातच रमजानने कापलं, सोललं. जळणाला बांधावरची वेडी बाभूळ. हंबीरराव ओरडले, “अरं, ही तर मेस्किट! टेक्सासात पिशव्या भरून इकत्यात!” जिला आम्ही शिव्या देऊन तोडतो, ती तिकडे दुकानात मिळते. काळं पाणी रमजानने चिंच, गूळ आणि मिरीचं केलं. मांस हाडावरून आपोआप सुटत होतं.

गोमटेशने पहिला तुकडा खाल्ला आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, “बोकड मी आणलं, रमजाननं भाजलं, आणि केंटकी जिंकली. कॅरोलायना हारली, गड्या!” हंबीररावांनी त्याला चिडवायला भलताच तमाशा मांडला, तो त्यांच्याच मोबाईलवर शूट झाला.

पेजवर मी फक्त धूर आणि ताटं टाकली. गोमटेश दिसला तर पंचाईत. पूर्ण व्हिडिओ त्याला एकट्याला पाठवलाय, आठवण म्हणून.

२९ डिसेंबर, सोमवार

दोघंही आज गेले. रात्रीचं विमान. दोन नव्या चौकश्या आल्या, एक सांगलीहून. रमजानच्या अंगाचा धुराचा वास अजून जात नाही. त्याला जाऊ द्यायचाही नाहीये!

३० डिसेंबर, मंगळवार



दुपारी साताऱ्याहून माझ्या भावाचा फोन. “रमजानचा काय व्हिडिओ फिरतोय?” उघडून बघितला. हंबीरराव हातात मांसाचा तुकडा धरून ओरडतायत — “बघा! ब्रिस्केट! टेक्सासचं बीफ, आपल्या मळ्यात!” मागे रमजान, डोक्याला टोपी, हातात सुरी, हसतोय. बस्स, एवढंच. जाताना हंबीररावांनी स्टेटसला ठेवलं होतं. कुणीतरी उचललं, वर लिहिलं — ‘आपल्या तालुक्यात हे चाललंय. झोपा अजून.’

मस्करी होती! गोमटेशला चिडवायची मस्करी! पण व्हिडिओत गोमटेश नाही, चिडवणं नाही. आहे ते बीफ, टोपी आणि सुरी.

दोघंही विमानात. फोन लागत नाही.

अम्मींनी, माझ्या सासूबाईंनी, उठून पुढचं दार लावलं, आणि दाराला पाठ टेकून बसल्या.

३१ डिसेंबर, बुधवार

पोलीस आले. फ्रीजमधलं मटण तपासायला नेलं. रमजानला ठाण्यात बोलावलं, दिवस मावळायला सोडलं. नीट वागले म्हणाला. “अहवाल येईस्तंवर घरातच ऱ्हा,” एवढं सांगितलं. अहवाल कधी येणार? तपासणीचं काम, दिवस लागतील म्हणे. आणि तोवर?

हंबीरराव उतरले, स्टेटस काढलं, ‘चेष्टा होती’ म्हणून मेसेज टाकला. खाली उत्तर — ‘लांब बसून बोलायला काय जातंय?’

मी नानासोंकडे गेले. मळा त्यांचा, मुलगा त्यांचा, जेवायलाही ते स्वतः होते. दोनदा वाढून घेतलं होतं! दारातच म्हणाले, “आमचा काय संबंध न्हाई बाई. मळा पोरांनी मागितला, दिला. काय शिजवलं ते आमाला काय म्हाईत?” मी म्हणाले, आवं, बोकड तुमच्या डोळ्यांदेखत कापलं की! ते आत निघून गेले.

इतका राग आला की रडूच येईना.

१ जानेवारी, गुरुवार

नवीन वर्ष. लग्नाच्या दोन ऑर्डरी रद्द.

रात्रभर एकच विचार. माझ्या मोबाईलमध्ये सगळं आहे. बोकड आहे, त्याचं डोकं आहे, कापणं, सोलणं, भाजणं, खाणं, सगळं सलग. हे एकदा गावाच्या ग्रुपवर टाकलं की विषय संपला. पण सुरुवातीपासून शेवटापर्यंत गोमटेश आहे. बोकड त्याच्या हातात, तुकडा त्याच्या तोंडात, आवाज त्याचा. त्याला काढलं तर व्हिडिओत उरतो फक्त धूर. आणि फौजदारांना एकट्यांना दाखवला, तरी मोर्चे काढणारे काही त्यांना विचारून येत नाहीत.

गोमटेशला फोन केला. तिकडे पहाट होती. सगळं ऐकलं आणि रडायलाच लागला. “वहिनी, बाबांचं गावात नाव हाय. मंदिराचं सगळं तेच बघत्यात. मला थोडा वेळ द्या. पाया पडतो.” मी बरं म्हणाले. थोडा वेळ म्हणजे किती, तेही विचारलं नाही.

रमजानला सांगितलं तर तो भडकला. “आपलं घर वाचवायला अण्णांच्या घरात काडी टाकायची? आब्बा गेले तवा कुणी आलं न्हाई, अण्णा आले. व्हिडिओला हात लावायचा न्हाई!”

“आणि तुला काही झालं म्हणजे?” मी ओरडले. अम्मी म्हणाल्या, “हळू. रस्त्यावर ऐकू जातंय.” आता आमच्या घरात ओरडून भांडायचीही चोरी.

संध्याकाळी दार वाजलं. आम्ही तिघंही जागच्या जागी थिजलो. रमजानने फटीतून बघितलं — अण्णा! दिवस मावळायच्या आत जेवून, पांढरी टोपी घालून, हातात स्वतःची पाण्याची बाटली घेऊन. आत आले नाहीत. पायरीवर रस्त्याकडे तोंड करून बसले. “जरा बसतो हितं,” म्हणाले. “वारं चांगलं हाय.”

जानेवारीतलं वारं! मफलर गुंडाळून बसले होते.

मी दाराआड उभी राहून रडले. मोबाईल हातातच होता.

२ जानेवारी, शुक्रवार

दूधवाल्याने आज दूध टाकलं नाही.

ग्रुपवर मेसेज — ‘रविवारी सकाळी दहा. चौकातून मोर्चा.’ वाट लिहिली आहे. आमची गल्ली त्यात आहे.

भाऊ म्हणतो साताऱ्याला या, आत्ता या. रमजान म्हणतो, “गेलो तर केलं म्हणून पळाले म्हणतील.” अम्मी म्हणतात, माझ्या माणसाची कबर इथे आहे, मी कुठे जाऊ? ठीक आहे. कुणी जात नाही. मी एका पिशवीत कागदपत्रं आणि अम्मींच्या गोळ्या भरून ठेवल्यात.

संध्याकाळी अण्णा पुन्हा आले. मोटारसायकलवरची पोरं गल्लीतून गेली, हॉर्न वाजवत, हळूहळू, मुद्दाम. अण्णांना बघून एकाने नमस्कार घातला आणि वेग वाढवला. अण्णा जागचे हलले नाहीत. मी चहा विचारला. मान हलवली. आमच्याकडे काही घेत नाहीत, ठाऊक आहे मला, तरी विचारते. घरी बोकड कापणाऱ्याच्या पायरीवर बसणं त्यांना कसं वाटत असेल?

एकदा वाटलं बोलतील. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या मोबाईलकडे. मग पुन्हा रस्त्याकडे.

३ जानेवारी, शनिवार

आज ठरवलं. टाकायचा. रमजानला काय वाटायचं ते वाटो. नवरा राहिला तर भांडेल तरी माझ्याशी!

दुपारी गोमटेशला कळवलं — संध्याकाळपर्यंत वाट बघते, मग टाकते. त्याचं उत्तर आलं, जसंच्या तसं लिहिते —

‘वहिनी, मी बाबांना गुरुवारीच सगळं सांगितलंय. व्हिडिओ पण पाठवलाय. ते फक्त “मी बघतो” म्हणाले. तुम्ही टाकू नका.’

गुरुवारी!

मी तो मेसेज किती वेळा वाचला कोण जाणे. गुरुवारी कळलं. आणि गुरुवारी संध्याकाळीच ते आमच्या पायरीवर येऊन बसले. शुक्रवारीही बसले. सगळं ठाऊक असून! आम्ही निर्दोष आहोत हे त्यांच्या स्वतःच्या खिशात होतं आणि ते वारं खात बसले होते. एक शब्द नाही. ‘मी बघतो’ म्हणजे काय? कुणाला बघतो?

कालची ती नजर आठवली. माझ्या मोबाईलवर होती ती! ते आमची राखण करतायत की माझ्या मोबाईलची? मी तो टाकायला लागले तर पायरीवरून उठून आत यायला किती वेळ लागतो?

बाहेरच्यांची भीती वेगळी, ती दार लावून बाहेर ठेवता येते. ही भीती पायरीवर बसली होती.

संध्याकाळी ते आले. नेहमीसारखं “जरा बसतो” म्हणाले. त्यांच्या तोंडावर दार लावलं आणि कडी घातली. रमजान बघत राहिला, “आगं, डोकं फिरलं का तुझं?” मी मेसेज त्याच्या पुढ्यात धरला. त्याने वाचला. मोबाईल माझ्या हातात परत देत म्हणाला, “अण्णा तसं करणार न्हाईत.” पण दार उघडायला तोही उठला नाही.

फटीतून बघितलं. म्हातारा अजून तिथेच होता, बंद दाराला पाठ करून. मग कधीतरी उठून गेला.

आता टाकते. नाही, सकाळी टाकते. उजाडल्यावर. हात वळत नाही.

४ जानेवारी, रविवार

उठले तर मोबाईल नुसता वाजतोय. गावाच्या ग्रुपवर व्हिडिओ. पूर्ण. बोकड, सुरी, धूर, गोमटेश, सगळं. मी नाही टाकला! अण्णांच्या नंबरवरून आलाय. खाली त्यांनी लिहिलंय —

‘खाणारा माझा मुलगा आहे. मांस बोकडाचं आहे. तीन दिवस हे लिहायला बसत होतो, हिंमत झाली नाही. मोर्चा काढायचा असेल तर रमजानच्या नाही, माझ्या दारात आणा. — धरणेंद्र’

रमजान अनवाणीच त्यांच्या घराकडे पळत गेलाय. मला पायरी ओलांडवत नाही.