ह्यांच्यासाठी केलेले मफिन

५ जानेवारी, सोमवार

तिसरा घाणा, आणि आज पहिल्यांदा फुगले. दादर ज्वारीचं पीठ दोन वाट्या, बाजरीचं अर्धी, रावेरहून दादाने पाठवलेली, आता काळी पडलेली केळी चार, खजूर, भाजून कुटलेलं जवस, अक्रोड. साखर नाही, मैदा नाही. मफिनचा साचा कुठून आणू? वरणाच्या वाट्यांना तेल लावलं आणि बट्ट्या भाजायच्या गोल ओव्हनमध्ये गॅसवर ठेवल्या. ह्यांनी दोन खाल्ले. म्हणे, "जायफळ घाल की थोडं." म्हटलं, जायफळाने झोप येते, डोक्याच्या खाण्यात झोपेचं काय काम?

मीनलने जळगावहून आणलेला डॉक्टरांचा कागद फ्रिजवर लावलाय. ह्यांच्या स्मरणशक्तीसाठी. अख्खं धान्य, फळं, पालेभाजी, अक्रोड, तळकट-गोड कमी. झेरॉक्स आहे. वर नावाच्या जागी पांढरा पट्टा, खालच्या दोन-तीन ओळी गायब. झेरॉक्सवाले हल्ली कामात लक्षच देत नाहीत.

ही वहीही लेकीचीच. "आई, बाबांनी काय खाल्लं, काय विसरले, रोज चार ओळी लिही. आणि त्यांना एकट्याला खायला लावू नकोस, तूही खा." बरं बाई.

८ जाने., गुरु.

ह्यांचं विसरणं, आजचं: चष्मा (डोक्यावरच होता). गुरुवारला शनिवार म्हणाले. गॅसचा नंबर लावला की नाही, आठवेना.

तीस वर्षं आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवलेला माणूस. डिसेंबरात जळगावच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा लहान मुलासारखे अडून बसले. एकट्याला लाज वाटते, तूही दे उत्तरं. मग मीही दिली, गंमत म्हणून. शंभरातून सात वजा करा, घड्याळ काढा, असलं काहीबाही. मला काय, टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होते, अर्ध्या धुळ्याचे नंबर तोंडपाठ असायचे.

दुपारी जवळ बसून म्हटलं, तुम्ही काळजी करू नका. तुम्ही विसरा, मी लक्षात ठेवते. हे खिडकीकडे तोंड करून बसले. डोळे पुसले बहुतेक.

११ जाने., रवि.

दादर दळायला गिरणीत गेले तर सुकदेवभाऊ म्हणतो, "अक्का, कालदिनच तं दळी लई ग्यात तुम्ही." म्हटलं, काल मी घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही. नुसता हसला. घरी येऊन बघते तर पिठाचा डबा गच्च. ह्यांना विचारलं. "हो हो, मीच आणलं काल." आणून विसरले. लिहून ठेवलं.

मफिन: ह्यांनी एक, मी दोन.

१४ जाने., बुध. संक्रांत

वरून तीळ लावले. पण बसले मेले, दगड झाले. सोडा राहिला. कसा राहील? हे मागे उभे राहून बडबड करत होते म्हणून. म्हणाले, "माझंच चुकलं, मीच डबी उचलून ठेवली." दगडच चहात बुडवून खाल्ले बिचाऱ्यांनी.

२० जाने., मंगळ.

हे वाचनालयात गेले होते. जवस रोज किती घ्यायचं ते झेरॉक्सच्या कापलेल्या भागात असेल, म्हणून मी मूळ कागद शोधत होते. ह्यांच्या कपाटात, स्वेटरांच्या खाली फाइल सापडली.

पांढऱ्या पट्ट्याखाली नाव आहे. माझं. शालिनी, वय ६७.

घड्याळही मीच काढलेलं. बारापैकी नऊ आकडे एका बाजूला. अक्षर माझंच. ह्यांच्या नावाचा एकही कागद नाही. ह्यांना कोणी तपासलंच नव्हतं.

खाली कापलेल्या ओळी: घरच्यांनी सोबत बसून खावे. पेशंटला रोज थोडे लिहायला सांगावे.

म्हणजे ही वही.

फाइल होती तशी ठेवली. गॅस बंद केला. की आधीच केला होता

२१ जाने., बुध.

ह्यांना काही बोलले नाही. सकाळी चहा देताना विचारलं, आज वार कोणता? छताकडे बघितलं, कपाळ चोळलं. "शुक्रवार ना?" मग चष्मा शोधायला निघाले. ह्या खोलीतून त्या खोलीत. मी खुर्चीत बसून सगळा तमाशा बघितला. नाटकवाल्यांनी शिकावं ह्यांच्याकडून. एक्केचाळीस वर्षं मी लोकांना सांगत आले की आमच्या ह्यांना खोटं बोलताच येत नाही.

मागची पानं वाचली. पीठ मीच आणलं होतं. सोडा मीच विसरले होते. माझ्या चुका मी माझ्याच हाताने ह्यांच्या नावावर लिहिल्या, आणि हे "हो, मीच, माझंच" म्हणत राहिले. वर मी ह्यांना धीर देत होते. लाज वाटते. त्याहून जास्त संताप होतो.

२३ जाने., शुक्र.

मुद्दाम गिरणीत गेले. हातात काही नव्हतं. सुकदेवभाऊला सरळ विचारलं, मी परत आले की काय करायचं ठरलंय तुमचं? चाचरला. "भाऊनी सांगेल शे, अक्का परत उन्यात तं फोन करजो. राग नका मानू अक्का, बठ्ठासनं होस." भाऊ म्हणजे हे; मी परत आले तर फोन कर म्हणून सांगून ठेवलंय. आणि असं सगळ्यांचंच होतं म्हणे. म्हणजे गिरणीवाल्याला ठाऊक, मला नाही.

घरी येऊन मैद्याचे मफिन केले. दोन वाट्या साखर, वर टुटीफ्रुटी. चार खाल्ले एकटीने, ह्यांच्यासमोर. हे बघत होते. हात पुढे आला, मागे गेला. "शालू, कागदात मैदा नको लिहिलंय." म्हटलं, पेशंट तुम्ही आहात, मला काय झालंय? बोला ना. काय झालंय मला?

हे उठून अंगणात गेले.

२४ जाने., शनि.

रावेरहून दादा आला, केळ्यांचा घड घेऊन. दरवेळचंच चिडवणं, "आन तुह्या केयाच्या बट्ट्या!" मी हसले नाही तेव्हाच समजला. विचारलं, तुलाही माहीत होतं? मान खाली. "मले मीनलनं सांगलं व्हतं. तुले कोन्या तोंडानं सांगू, बाई?" लहानपणी ह्याने विहिरीत पाडलेली घागर मी घरी कधी सांगितली नव्हती. आठवतं मला. ते सगळं लख्ख आठवतं.

२५ जाने., रवि.

मीनल सकाळच्या बसने आली. ताटलीत मफिन मांडले, एका बाजूला मूळ कागद, दुसऱ्या बाजूला झेरॉक्स. म्हटलं, खा.

मीनल रडायला लागली. कागद तिने झाकला, दुकानात उभं राहून, कागदाची पट्टी ठेवून. कल्पना ह्यांची. "आई, तू ऐकलंच नसतंस. मागच्या वर्षी कान तपासायचे म्हटलं तर दोन महिने बोलली नव्हतीस माझ्याशी." खरं आहे ते. पण कान वेगळे.

हे म्हणाले, "तुझ्यासाठी म्हणून तू एक दिवस केलं असतंस नि सोडून दिलं असतंस. माझ्यासाठी तू रोज करशील हे मला माहीत होतं. म्हणून मी आजारी झालो."

खोटं नाही ते. म्हणूनच जास्त लागलं. माझी माया कुठे आहे ते बघून तिथेच फसवलं मला.

म्हटलं, डोकं माझं. बातमी माझी. गिरणीपर्यंत वाटलीत, मला तेवढी दिली नाहीत.

मीनल दुपारच्या बसने गेली. डबा घेऊन जा म्हणायचं राहिलं.

२९ जाने., गुरु.

वेगळ्या ताटात जेवते. मफिन करणं सोडलेलं नाही, डोकं माझं आहे ना. कागदावर माझं नाव घालून फ्रिजवर लावलाय, मोठ्या अक्षरात. हे बघून न बघितल्यासारखं करतात.

आज त्यांनी चष्मा शोधला नाही. बरोबर वार सांगितला. महिनाभर पोक काढून चालत होते, आता ताठ चालतात. मला ते बघवत नाही.

१ फेब्रु., रवि.

आज बोलले त्यांच्याशी. आजाराची मला इतकी भीती नाही, आईलाही झालं होतं असं आता वाटतं, तेव्हा नाव नव्हतं त्याला. भीती दुसरी आहे. पुढे मला जे आठवणार नाही ते मला ह्यांच्याकडूनच कळणार. औषध घेतलंस, जेवलीस, मीनल काल येऊन गेली. दुसरं कोण आहे घरात? आणि हे किती सफाईने खोटं बोलतात ते मी बघितलंय. मग मी कोणाच्या भरवशावर विसरू?

ह्यांनी माझा हात घेऊन स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "यापुढे खरं तेच सांगेन. तुला कितीही लागलं तरी."

मी हात काढून घेतला. पण रात्री एकाच ताटात जेवलो. मेथीची भाजी, भाकरी.

३ फेब्रु., मंगळ.

घड पिकलाय. उद्या करेन.

५ फेब्रु., गुरु.

सकाळी केळी कुस्करायला घेतली तर हे म्हणाले, "अगं, काल केलेस ना. डबा भरलाय." डबा उघडला. अकरा मफिन. चांगले फुगलेले, वर तीळ. मला काही आठवत नाही. वही बघितली, कालचं पान कोरं.

म्हटलं, कोणी केले?

"तूच."

एक तोडून खाल्ला. जायफळ आहे. मी जायफळ घालत नाही. निदान घालत नव्हते. ह्यांना आवडतं म्हणून काल घातलं असेल, राग जरा उतरला म्हणून? असंही असेल. की मी काल नुसती बसून होते आणि ह्यांनी केले, मला वाईट वाटू नये म्हणून? मग डोक्यावरचा हात चार दिवसही टिकला नाही.

परत विचारलं. खरं सांगा. हे माझ्या डोळ्यांत सरळ बघून म्हणाले, "खरंच, तूच केलेस शालू."

इतकंच सरळ बघून जानेवारीत म्हणाले होते, पीठ मीच आणलं.

गिरणीवाल्याला विचारता येणार नाही हे. कोणालाच येणार नाही. दुसरा मफिनही खाल्ला, चव नीट घेऊन. चांगला झालाय. ज्याने कोणी केला