तीन वाहिन्यांचा निवाडा आणि छतावरचे ट्रँटर

ज्याने एकदा "प्रकाश होवो" म्हटले आणि प्रकाश झाल्यावर त्यावर तज्ज्ञांची चर्चा ठेवली नाही, त्या परमेश्वराच्या कृपेची याचना करून लेखणी उचलतो.

चिरंजीव बंधू सेप्टिमस यास वडील भाऊ एव्हरार्ड याचे अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा आता जिना चढू देतो की नाही? तुझ्या अर्सुलाचा खोकला थांबला का? (मध आणि लिंबू. डॉक्टरांनी काहीही सांगितले तरी मध आणि लिंबू.) माझी प्रकृती वयाच्या मानाने उत्तम आहे, केवळ गेल्या आठवड्यापासून डोळे मिटले की त्यांच्याखालून अक्षरांची एक पट्टी उजवीकडून डावीकडे सरकत जाते. ती का सरकते, हे सांगण्यासाठीच हे पत्र.

तुला ठाऊक आहे की आमच्या सेंट ऑस्मंड आश्रमात आम्हा वृद्धांसाठी बैठकीची खोली एक, दूरचित्रवाणी संच एक, आणि रात्रंदिवस बातम्या देणाऱ्या वाहिन्या मात्र तीन. त्यांची खरी नावे कोणाच्याच लक्षात राहत नाहीत, म्हणून खाली धावणाऱ्या पट्टीच्या रंगावरून आम्ही त्यांना लाल, निळी आणि पिवळी म्हणतो. लाल वाहिनी ही बॅसेटबाईंची. (आमच्या दिवंगत ऑर्गनवादकांची पत्नी, नवऱ्याचा सूर चुकला की भर प्रार्थनेत घसा खाकरणारी.) निळी ही श्री. ट्रँटर यांची, ते बसचे निवृत्त तपासनीस असून मनाने अजून तपासनीसच आहेत. पिवळी ही कुमारी पिनॉक यांची, कारण त्यांना ऐकू येत नाही आणि पिवळीवर बोललेले सर्व काही खाली लिहून येते. संचावर कोणती लावायची हा वाद इतका विकोपाला गेला की पाच वर्षे एकाच टेबलावर चहा घेणारे ट्रँटर आणि बॅसेटबाई साखर कुमारी पिनॉक यांच्या मार्फत मागू लागले, आणि कुमारी पिनॉक यांना ऐकू येत नसल्यामुळे दोघेही बिनसाखरेचा चहा पिऊ लागले. अखेर आमचे व्यवस्थापक श्री. क्रॅबट्री यांनी मदेरा बेटावर सुट्टीला जाताना फर्मान काढले की, तिन्हींत उत्तम कोणती याचा निवाडा पाळकसाहेबांनी, म्हणजे मी, करावा. नाही तर परत आल्यावर ते संच काढतील आणि त्या जागी व्यायामाची सायकल ठेवतील. त्या सायकलीचे चित्रही त्यांनी फळ्यावर लावले. ते पाहून कुमारी पिनॉक यांनी त्या दिवशी पुडिंग घेतले नाही.

मी या कामास शास्त्राच्या आधाराने लागलो. अखंड बातम्या ही काही नवी गोष्ट नव्हे. आपल्या पवित्र ग्रंथातल्या त्या सोशिक पुरुषाकडे एक निरोप्या बोलत असतानाच दुसरा येऊन थडकत असे, आणि प्रत्येकाची बातमी आधीच्यापेक्षा वाईट असे. फरक इतकाच की त्या निरोप्यांकडे खरोखर बातमी होती. पहिल्या दिवशी सकाळभर तिन्ही वाहिन्यांनी मला लंडनमधले एक बंद दार दाखवले. निळी म्हणाली, दार लवकरच उघडेल. लाल म्हणाली, दार उघडले तर त्याचा अर्थ काय होईल हे आत्ताच सांगणे धाडसाचे ठरेल, आणि मग तिने ते दुपारच्या जेवणापर्यंत सांगितले. पिवळीने लोकांना विचारले की तुमच्या मते दार उघडावे का. शेवटी दार उघडले आणि एक मांजर बाहेर आले. त्याच ग्रंथातले चार सुवार्तिक एकच वृत्तांत चार परींनी सांगतात, तो वारसा मी जन्मभर आदराने वाचला आहे. परंतु त्यांच्यापैकी कोणीही वृत्तांत घडण्यापूर्वी लिहायला बसला नव्हता.

आता सोमवारची हकिगत. सार्वजनिक सुट्टी, म्हणजे अर्थातच ढगाळ हवा. निळीचे चित्र फुटून त्याचे चौकोन होऊ लागले, आणि ट्रँटर यांनी ठरवले की हा माझ्या निवाड्यावर अन्यायकारक परिणाम आहे. "पाळकसाहेब, फुटक्या आरशात तोंड पाहून कुणाला कुरूप ठरवू नका. अँटेना सरळ करतो, मग बघा निळी कशी दिसते ते!" असे म्हणून त्यांनी मागच्या अंगणातली शिडी लावली आणि ते छतावर चढले. (देहाने ते भरदार आहेत, तुझ्या लग्नात जो केक कोसळला होता, साधारण त्या आकाराचे.)

आश्रमाचा एक नियम आहे की शिडी चहाच्या वेळेआधी कोठीत परत गेली पाहिजे. बॅसेटबाई अंगणात पुदिना खुडायला गेल्या, त्यांनी भिंतीला लावलेली बेवारस शिडी पाहिली, नियम आठवला, शिडी कोठीत ठेवली आणि दार ओढून घेतले. त्या दाराचे कुलूप आपोआप लागते. किल्ली मदेरात आहे. पुढे मी विचारले की बाई, वर कोणी आहे का हे पाहिले नाहीत? त्या म्हणाल्या, "शिडी आत नेणं माझं काम. माणूस खाली आणणं हे ज्याचं त्याचं काम."

नदीवरची बदकांची शर्यत पाऊस येईल म्हणून रद्द झाली होती, आणि ती दाखवायला आलेल्या तिन्ही वाहिन्यांच्या गाड्या गावात बिनकामाच्या उभ्या होत्या. त्यांतल्या मंडळींनी छतावर एक गृहस्थ पाहिला, ज्याच्या एका हातात तारेसकट धातूची अँटेना होती आणि दुसऱ्या हातात कपबशा पुसायचा टॉवेल, जो तो जोरजोराने हलवत होता. टॉवेलावर बदकाचे चित्र आहे. सेप्टिमस, यापुढचे मी डोळ्यांनी पाहिले नसते तर लिहिले नसते.

आम्ही तिघे आत चहा घेत बसलो होतो. उन्हाची तिरीप संचावर पडू नये म्हणून खिडकीचे जाड पडदे ओढलेले होते (ऊन नव्हतेच, पण पडदे सवयीने ओढले जातात), आणि लालचा आवाज इतका मोठा होता की छतावरून कोणी ओरडले असते तरी आम्हांस देवदूतांचा समुदाय वाटला असता. संचावर बातमी आली: छतावर एक सशस्त्र माणूस. आम्ही कपबशा खाली ठेवल्या. निळीवर एक प्राध्यापक बदकाच्या चिन्हाचा इतिहास सांगत होते. पिवळी विचारत होती, तुमच्या मते त्याने उतरावे का.

"काय ते छत!" बॅसेटबाई म्हणाल्या. "कौलांवर नुसतं शेवाळ. इथला व्यवस्थापक झोपा काढतो वाटतं."

"आणि पडदे बघा," कुमारी पिनॉक म्हणाल्या, "अगदी आपल्यासारखे. लोकांना चव म्हणून राहिलेली नाही."

माझ्या मनात काही तरी हलले. आता कोणत्याही अन्य देशात माणूस उठून खिडकीतून बाहेर पाहील. परंतु आपण ज्या आईच्या हाताखाली वाढलो, तिने रस्त्यावर गर्दी जमली असता पडद्याआडून डोकावणाऱ्यास काय म्हटले असते, हे तुला मी सांगायला नको. शिवाय डोकावण्याची गरजच नव्हती, वाहिन्या होत्या. मी बसल्या जागेवरून काठीने खिडकीचा पडदा किंचित हलवला, दर वेळी वाहिनी बदलून. निळीवर पडदा लगेच हलला. लालवर माझा एक घोट होईपर्यंत हलला नाही. पिवळीवर बिस्किट संपल्यावर हलला, पण खाली लिहून आले.

सेप्टिमस, माझ्या निवाड्यास इतकी निर्विवाद कसोटी याआधी लाभली नव्हती! आम्ही तो प्रयोग पुनःपुन्हा केला. बॅसेटबाईंचे म्हणणे पडले की लाल उशीर करते कारण ती खात्री करून घेते. निळीने तोवर जाहीर केले की आतील ओलीस पडद्यांच्या साहाय्याने संकेत देत आहेत. लालने नौदलातील एका निवृत्त अधिकाऱ्याला बोलावले, ज्याने आमच्या संकेतांचा अर्थ "आम्ही तिघे आहोत, बिस्किटे संपत आली आहेत" असा लावला. खेदाची गोष्ट ही की तो बरोबर होता. या सगळ्यात छतावरचा मनुष्य म्हणजे ट्रँटर, हे प्रथम कुमारी पिनॉक यांच्या लक्षात आले, कारण पिवळीवर खाली अक्षरे उमटली: [छतावरून अस्पष्ट ओरडणे: बॅसेटबाई, शिडी].

तेव्हा मात्र मी टोपी घातली आणि बाहेर गेलो. तिन्ही वाहिन्यांचे वार्ताहर छताकडे पाठ करून उभे होते, कारण कॅमेऱ्याकडे तोंड केल्यास छताकडे पाठच होते. आणि ज्यांचे तोंड छताकडे होते त्या कॅमेरावाल्यांच्या कानांवर यंत्रे होती. वरून ट्रँटर कंठशोष करत होते, "अहो, मी इथं राहतो! मला खाली यायचंय!" मी तिघांनाही सत्य जसेच्या तसे सांगितले: हे आमचे ट्रँटर, अँटेनासाठी चढले, शिडी बॅसेटबाईंनी नियमाप्रमाणे आत ठेवली. तिघांनीही माझे मनापासून आभार मानले. मी परत येऊन पाहतो तो, निळीवर मी "मध्यस्थ", लालवर "कुटुंबाचे धर्मगुरू" आणि पिवळीवर "शेजारी, वय अंदाजे शंभर". (मी एक्क्याऐंशीचा आहे.) माझे बोलणे कोणीच ऐकवले नाही, मी बोलत असताना माझ्या डोक्यावरून पट्टी धावत होती, आणि तीत लंडनचे ते मांजर होते.

मी अग्निशामक दलाला दूरध्वनी केला. तेथील गृहस्थ फार सौजन्याने बोलले. "पाळकसाहेब, आम्ही इथे लाल लावलीय. वाटाघाटी नाजूक वळणावर आहेत म्हणे. अशा वेळी शिडी घेऊन मध्ये घुसणं बरं दिसणार नाही." पोलीस चौकीत निळी लागलेली होती, निळीने सर्वांच्या आधी सांगून टाकले होते की मनुष्य सुखरूप उतरला, म्हणून हवालदाराने माझे अभिनंदन केले. शेजाऱ्यांकडे शिड्या आहेत, परंतु पिवळीने त्यांना घरातच राहण्यास सांगितले होते आणि ते आज्ञाधारक लोक आहेत.

छताला एक लहानशी झरोकेवजा खिडकी आहे. तिच्यातून कांद्याच्या पातीच्या सुपाचा वाडगा जातो, घोंगडी जाते, छत्री जाते. ट्रँटर जात नाहीत. (दोन्ही बाजूंनी प्रयत्न झाले.) माळ्यावर जाऊन वाडगा पोहोचवण्याचे काम बॅसेटबाईंनी कोणी न सांगता स्वतःकडे घेतले. मी खाली उभा राहून ऐकले ते असे.

"निळी काय म्हणतेय माझ्याबद्दल?"

"तुम्ही उतरलात म्हणतेय."

बराच वेळ चमच्याचा आवाज आला. मग ट्रँटर म्हणाले, "निळी खोटं बोलली असं मी म्हणणार नाही. जरा घाई केली, इतकंच."

"लालनं नसती केली," बॅसेटबाई म्हणाल्या. आणि मग, किंचित खाकरून, "साखर हवी का चहात?"

आता माझा निवाडा. एखादा संदेष्टा खरा की खोटा, याची कसोटी शास्त्रात स्पष्ट दिली आहे: त्याने सांगितलेले घडले तर तो खरा. ही कसोटी मी तिन्हींना लावली. निळी घडण्याआधी सांगते, लाल घडून गेल्यावर सांगते, पिवळी घडावे का हे विचारते. परंतु प्रत्येक तासाच्या शेवटी तिन्ही वाहिन्यांवर एक व्यक्ती नकाशासमोर उभी राहून म्हणत होती की संध्याकाळी आमच्या भागात पाऊस पडेल; आणि तो पडला. ट्रँटर यांच्यावरच पडला, म्हणजे साक्षीदारही आहे. म्हणून मी निर्णय दिला आहे की आमच्या आश्रमात यापुढे केवळ हवामान पाहावे, कोणत्याही वाहिनीवर, आणि उरलेला वेळ एकमेकांशी बोलावे. बॅसेटबाई आणि कुमारी पिनॉक यांना तो मान्य आहे. ट्रँटर यांनाही झरोक्यातून वाचून दाखवला. ते म्हणाले, हवामान त्यांना आता सांगावे लागत नाही. खोलीत मोठी शांतता नांदत आहे.

अर्सुलास आशीर्वाद. मध आणि लिंबू.

तुझा वडील भाऊ,
एव्हरार्ड क्वार्ल्स

ता. क. वरील मजकूर वाचून पाहता ध्यानात आले की एक गोष्ट लिहायची राहिली. आज बुधवार आहे आणि ट्रँटर अजून वरच आहेत. तुझ्या बागेत नाशपाती उतरवायची ती लांब शिडी असेल, तर ती मोटारीच्या टपावर बांधून हे पत्र मिळताच घेऊन ये. खरे तर पत्र लिहिले ते यासाठीच. दूरध्वनी केला असता, परंतु लाल वाहिनी सारखा फोन करून तो अडवून धरते; मी काय म्हणतो ते तिला ऐकायचे नसते, मी अस्वस्थ आहे का एवढेच विचारायचे असते.

ता. क. दुसरे. येताना पुढच्या दाराने येऊ नकोस. शिडीसह दिसलास तर निळी तुला दुसरा हल्लेखोर ठरवील, आणि मग पोलीस येतील. ट्रँटर यांच्यासाठी नव्हे, तुझ्यासाठी.

ता. क. तिसरे. बॅसेटबाई म्हणतात घाई नाही, सावकाश आणा. त्यांनी माळ्यावर खुर्ची नेली आहे आणि आज दोघांसाठी खिरीचा वाडगा घेऊन त्या वर गेल्या आहेत. ट्रँटर यांचे म्हणणे विचारले तेव्हा वरून उत्तर आले, "उद्या आले तरी चालेल. पण परवा नको, परवा वारा आहे." तरी तू निघच.

हे पत्र वाचणाऱ्या तुझ्यावर, ते तुझ्या खांद्यावरून वाचणाऱ्या अर्सुलावर, आणि ज्या कोणाच्या हाती ते पडेल त्या सर्वांवर परमेश्वराची कृपा असो. जे खाली आहेत त्यांना अधूनमधून मान वर करण्याची बुद्धी होवो; जे वर आहेत त्यांच्या हाकेला कोणी तरी ओ देवो, आणि उतरण्याची वेळ येईल तेव्हा शिडी जागेवर असो. आमेन.