रबराची खांदशेकणी

नालवाडी, वर्धा
तान्ह्या पोळ्यानंतरचा शनिवार

तीर्थरूप वासुदेवदादा यांच्या चरणी बाबारावाचा शिरसाष्टांग नमस्कार.

जावयाने साळ्यापुढे लोटांगण घालावे अशी रीत आपल्या दोन्ही घरांत कधी नव्हती, हे मला ठाऊक आहे. उलट लग्नात माझा कान तुम्ही पिळलात आणि वर आहेर म्हणून मीच तुम्हाला शर्टाचे कापड दिले. तोच कान आज मी आपण होऊन पुढे करतो आहे. का, ते पुढे कळेल. आधी आपला गुडघा कसा आहे ते कळवा. वहिनींचे पित्त बसले का? (सकाळच्या चहाआधी साळीच्या लाह्या खायला सांगितल्या होत्या, त्या पुण्यात मिळतात की नाही कोण जाणे.) इकडे सर्व क्षेम आहे, असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिले. पुढचा मजकूर वाचेपर्यंत तसेच समजावे.

फोन सोडून पत्र कशाला, असे आपण म्हणाल. दादा, तुमच्या घरचा फोन बहुतेक वेळा मंजुषाच उचलते, आणि सध्या जिच्याशी बोलायची माझी छाती होत नाही अशा माणसांत आपली लेक पहिली आहे. शिवाय फोनवर तुम्ही मध्येच ओरडता. पत्रात माणसाला शेवटपर्यंत बोलता येते.

तर आता पाणी प्या आणि वाचा. मंजुषाचा वेटसूट गेला. चोरीला नाही गेला. तसा गेला असता तर निदान पोलिसांकडे तरी जाता आले असते. तो आमच्या हातात, आमच्या डोळ्यांदेखत, आमच्याच मायेने गेला. आणि कशाने गेला हे ऐकाल तर खुर्चीवरून उठाल. सनस्क्रीनने! आणि डासांच्या क्रीमने! मला अजून खरे वाटत नाही. आठवडा होत आला, मी जेवताना मध्येच घास थांबवून "सनस्क्रीनने?" असे मोठ्याने म्हणतो आणि जया मला वरण वाढते.

आपल्याला माहीत आहेच की आमच्या मोहिनीची पोहण्याची शर्यत ऑक्टोबरात आहे. वर हिमालयाच्या बाजूला, डोंगरातल्या तलावात. तिथले पाणी म्हणे इतके गार असते की तो रबरी सूट अंगात असल्याशिवाय आयोजक कोणाला काठावरून पुढे सोडतच नाहीत. मंजुषाने ती शर्यत ज्या सुटात पूर्ण केली तोच तिने आमच्या पोरीला पाठवला, "तू पण यातच पोह" म्हणाली, तेव्हा जयाच्या डोळ्यांत पाणी आले होते. (माझ्याही. पण मी तेव्हा कांदा चिरत होतो, त्यामुळे हिशोबात धरू नये.) पोरीने त्यासाठी कॉलेजातून रजा काढली, आवडती शेव-भाजी सोडली, आणि सुटाची सवय व्हावी म्हणून सरावही त्यातच करायचे ठरवले. आता वर्ध्यात असा सराव करायचा कुठे? तेव्हा माझा पुतण्या रुपेश म्हणाला की नाचणगावला वावरात शेततळे आहे, प्लास्टिक अंथरलेले, भरपूर लांब आणि तुडुंब भरलेले, म्हशीसुद्धा जात नाहीत. झाले. आम्ही बापलेकीने नाचणगावला मुक्काम टाकला. ती तळ्यात या टोकाकडून त्या टोकाला आणि मी बांधावर छत्री घेऊन. महिनाभर हाच उद्योग. दादा, खरे सांगतो, नोकरीत इतकी वर्षे काढली पण एवढ्या आनंदाची हजेरी मी कुठेच लावली नाही. ती पाण्यातून मान वर काढून "बाबा, किती झाले?" विचारायची आणि मी बोटे दाखवायचो.

आता त्या सुटाविषयी. तो अंगात घालणे म्हणजे काय प्रकार आहे हे तुम्ही घरी पाहिले असेलच. आमच्याकडे मोहिनी खाटेवर बसायची, रुपेशची बायको सरिता एक पाय ओढायची, मोहिनी स्वतः दुसरा ओढायची, आणि मी पाठ करून उभा राहून सूचना द्यायचो. (पायात आधी पिशवी घातली की पाय सरकतो, हे मंजुषानेच फोनवर शिकवले. वर हेही सांगितले होते की सुटाला तेलकट काही लागू देऊ नका. आता मला सांगा, तेल म्हटल्यावर विदर्भातला माणूस काय समजणार? जवसाचे, शेंगदाण्याचे, सरकीचे. ते आम्ही लावलेच नाही. शपथेवर सांगतो.) पण ऊन असे की बांधावर माझ्या छत्रीचा दांडा तापायचा, आणि तळ्याकाठचे डास तर माणूस बघून भाऊबंद बोलावून आणायचे. म्हणून मी पोरीच्या मानेला, हाताला, पायाला आधी सनस्क्रीन चोपडायचो आणि त्यावर डासांचे क्रीम. सढळ हाताने. बापाचा हात आहे, दादा. आणि चमत्कार असा की ते चोपडल्यावर सूट सर्रकन वर चढायला लागला! जिथे सरिता घामाघूम व्हायची तिथे आता पिशवीसुद्धा लागेना. मी सगळ्या नाचणगावात सांगत सुटलो की पुण्याच्या लोकांना जे सुचले नाही ते इथे सुचले.

मग पोळ्याचा आदला दिवस आला. आपण पुण्यात राहून विसरला असाल म्हणून आठवण देतो, त्या संध्याकाळी आपल्याकडे बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर ज्या खांद्यांवर जू राहिले त्यांना लोणी-हळद लावायची, पळसाच्या पानांनी शेकायचे आणि त्यांच्या कानाशी म्हणायचे, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." रुपेशची जोडी गोठ्यात उभी होती, सरिता वाटीत लोणी घेऊन आली होती, आणि शेजारी मोहिनी ओट्यावर बसून मानेवर हात फिरवत होती. सुटाच्या काठाने तिची मान आणि दोन्ही खांदे सोलल्यासारखे लाल झाले होते. बैलाच्या खांद्याचे करतो आपण, आणि पोरीच्या खांद्याचे कोणी करायचे? मी सरिताला म्हणालो, थोडे लोणी इकडे दे, सूट आतून मऊ करून ठेवतो. तर ती म्हणाली, "काकाजी, लोनी बैलायसाठी हाय, रबरासाठी नाई. आन मंजूताईनं तेलकट नाई म्हनलं होतं." म्हणजे तिने मला लोण्यापासून वाचवले. पुढचे माझे मीच केले.

मला वाटले, लोणी तेलकट, ठीक आहे. पण सनस्क्रीन तर औषधाच्या दुकानातले, अंगाला सोसणारे. जे माणसाच्या कातडीला सोसते ते रबराला काऊन नाही सोसणार? म्हणून मी सूट उलटा केला आणि मानेपासून खांद्यांपर्यंत आतून ट्यूबच्या ट्यूब चोळली. मग तो गोठ्याशेजारच्या खुंटीला टांगायचा होता आणि तिथे डास, म्हणून त्यावर बाटलीतले क्रीमही जिरवले. आणि आता लपवण्यासारखे काही उरलेले नाही म्हणून सांगतो, सुटाच्या कानाशी (कान नाही, पण जिथे असता तिथे) जाऊन मी त्यालाही आवतन दिले. रुपेश हसला. मोहिनीही हसली. तिचे हसणे मी ऐकले ते तेवढेच, त्यानंतर नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे गाव बैल सजवण्यात, आणि पोरीने सराव चुकवायचा नाही म्हणून सूट खुंटीवरून काढला. तो निघेना. म्हणजे निघाला, पण ओढल्यावर आधी लांबला आणि मग निघाला. बैलांच्या शिंगांना बेगड चिकटवायला रुपेश तिथेच बसला होता. त्याने हात लावून पाहिले आणि म्हणाला, "काकाजी, हे काऊन गुळावानी चिकट लागून राह्यलं?" मी म्हणालो, नवीन लावले आहे, मुरेल. मोहिनीने एक हात घातला, दुसरा घातला, खांदा वर ओढला, आणि दादा, खांदा तिच्या हातात आला. शिवणच सुटली. आवाजही झाला नाही. आतले ताणाचे कापड एकीकडे, रबर एकीकडे. महिनाभर जे मुरत होते ते सगळे तिथे उकलले. मानेजवळचे रबर सुजून मऊ पडले होते, नखाने दाबले तर खळगा तसाच राहत होता.

मी हादरलो. पण माझा विश्वास बसेना, म्हणून मी त्या क्रीमचा थेंब माझ्या कंगव्यावर लावून ठेवला. सकाळी कंगवा चिकट! मोबाइलचे कव्हर पाहिले तर त्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटलेला, आणि तो पुसूनही जात नाही. चष्म्याच्या दांडीचा रंग गेला आहे, इकडे घरी आल्यावर जयाने तो नीट पाहून "आता माह्या भावाले मी काय तोंड दाखवू?" असे विचारले. (चष्म्याचा आणि तुमचा संबंध मला कळला नाही, पण ती वेळ विचारायची नव्हती.) मोहिनीने फोनवर वाचून मला सांगितले की डासांच्या त्या औषधाने प्लास्टिक आणि ताणाचे कापड विरघळते, सनस्क्रीनमधल्या तेलाने रबर फुगते आणि शिवणीचा डिंक सुटतो. सुताला काही होत नाही, लोकरीला काही होत नाही. आधी लावून नीट वाळू द्यायचे, हात साबणाने धुवायचे आणि मगच सुटाला शिवायचे. म्हणजे सनस्क्रीनमध्येही तेल असते! हे कोणी सांगितले होते? ते तेलासारखे दिसत नाही, तेलाचा वास येत नाही, फोडणीला चालत नाही, आणि तरी तेल! आणि हे सगळे आपण तोंडाला लावतो, दादा! जे कंगवा खाते ते आपण लेकरांच्या गालाला चोळतो आणि वर म्हणतो, डास चावू नये. मी त्या दिवसापासून डासांना चावू देतो. निदान त्यांचा उद्देश तरी उघड आहे.

मोहिनी रडली असती तर बरे झाले असते. ती रडली नाही, ओरडलीही नाही. "बाबा, तुम्ही हे काय करून राह्यले?" एवढेच म्हणाली, आणि साध्या कपड्यांत तळ्यात उतरली. त्या दिवशी तिने "किती झाले?" विचारले नाही. मी तरी बोटे दाखवत होतो.

असो. मी कामानिमित्त नालवाडीला परत आलो आहे. वहिनींना नमस्कार. आपल्या गुडघ्याची काळजी घ्या आणि त्याला काही चोळायचे असेल तर आधी ते कंगव्याला लावून पाहा.

आपला,
खजील जावई
बाबाराव

ता. क. हे पत्र मंजुषाच्या दृष्टीस पडू नये. सूट धुवायला टाकला आहे, असे सध्या सांगावे.

ता. क. दुसरा. तिच्याकडे एक जुना सूटही आहे असे जया म्हणते. तो शर्यतीपुरता मिळेल का, हे मंजुषाला काही न कळू देता मंजुषालाच विचारता येईल का? तुम्ही नोकरीत अशी कामे सहज करायचात.

ता. क. तिसरा. पाकीट डकवतानाच जया आली. तिने वरचे दोन्ही ता. क. वाचले आणि भिंतीला टेकून हसत बसली. तिच्याकडून कळले ते असे: मोहिनीने पोळ्याच्या संध्याकाळीच मंजुषाला फोन करून सगळे सांगितले. मंजुषाने तुम्हाला सांगितले. तुम्ही जयाला फोन केला. मंजुषाने तो जुना सूट पाठवलाही, आणि आज सकाळी तो नाचणगावला पोचून पोर त्यात पोहूनही आली. म्हणजे हे सगळे पत्र तुम्हाला आधीच ठाऊक आहे, आणि गेला आठवडाभर तुम्ही सगळे मिळून मला गप्प राहून पाहत होता. दादा, हे मला तुमच्याकडून अपेक्षित नव्हते. पण रागवायला मला तोंड नाही.

ता. क. चौथा, आणि हाच खरा. मी कामानिमित्त परत आलो नाही. मला मोहिनीने पाठवले. शर्यत होईपर्यंत बाबांनी तळ्यावर यायचे नाही, असे तिने रुपेशकरवी सांगितले, आणि ज्या पोराला मी गाडी शिकवली त्याच पोराने मला पुलगावच्या स्टँडवर सोडून एस.टी.त बसवले. ती तुमचे ऐकते. सूट मला नको, क्षमाही सावकाश करू दे. तिला एवढेच विचारा की बांधापासून किती लांब बसलेले चालेल. ती म्हणेल तितक्या लांब बसतो, कापसाच्या पऱ्हाटीच्या पलीकडे सुद्धा. हात खिशात ठेवतो. पण ती मान वर काढून विचारते तेव्हा तिकडे कोणीतरी मोजणारा पाहिजे. रुपेशला मोजता येत नाही, तो मध्येच फोन पाहतो.